दारूची पारख : मराठी दारूखान्याचा एक दुर्लक्षित अध्याय

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात ‘दारू’ या विषयावर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, तर काहींच्या ओठांवर हसू उमटेल. म्हणून आरंभीच सांगितले पाहिजे, की प्रस्तुत लेख पेल्यातील दारूविषयी नसून तोफेतील दारूविषयी आहे. मात्र या दोन्ही अर्थांना एकच शब्द कसा आला, हा प्रश्न मनोरंजक आहे, आणि विषयाच्या गाभ्याकडे नेणाराही आहे.

‘दारू’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ ‘औषध’ असा आहे. हाच संकेत शेजारच्या भाषांतही आढळतो. आपल्या सीमाभागात कानी पडणारा कन्नड ‘मद्दु’ हा शब्द घ्या. त्याचा अर्थ औषध, आणि तोफेची दारूही. ‘मद्दुगुंडु’ म्हणजे आपला दारूगोळा. तेलुगूतील ‘मंदु’ आणि तमिळमधील ‘मरुंदु’ हे शब्दही औषध व दारू असे दोन्ही अर्थ देतात. ज्या चीन देशात या द्रव्याचा शोध लागला, तेथे तर त्याचे नावच ‘अग्नि-औषध’ अशा अर्थाचे आहे. औषधासारखीच दारूही कुटावी लागते, मापाने द्यावी लागते, रोग्याची प्रकृती पाहावी तशी शस्त्राची प्रकृती पाहून निवडावी लागते, आणि मात्रा चुकली तर जीव घेते. हे साम्य जुन्या लोकांच्या मनात स्पष्ट असावे, असे या नावांवरून वाटते.

आपल्या इतिहासलेखनात तोफांना मान मिळाला. त्यांची नावे, त्यांवरील लेख, त्यांचे वजन यांची नोंद झाली. बुरुजावर आजही तोफ पडलेली दिसते, तिच्यावर मुले चढून बसतात. परंतु तोफेच्या पोटात जी दारू घातली जाई ती जळून गेली, आणि तिच्याबरोबर तिचा इतिहासही धुरासारखा विरला. वस्तुतः दारूवाचून तोफ म्हणजे धातूची पोकळ नळी. कोणत्या शस्त्रासाठी कोणती दारू घ्यावी, ती कोठून आणावी, कशी राखावी, हे ज्ञान ज्याच्यापाशी होते, त्याच्याच हाती तोफेचे खरे बळ होते. या ज्ञानाचा मराठी इतिहासाशी असलेला संबंध थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या काळच्या काळ्या दारूचे घटक तीन : सोरा, गंधक आणि कोळसा. त्यांत सोऱ्याचा भाग सर्वांत मोठा. गंधकामुळे दारू लवकर पेट घेते, कोळसा जळतो, आणि त्या जळण्याला लागणारा प्राणवायू सोरा पुरवितो. म्हणूनच बंद नळीत, बाहेरची हवा नसतानाही दारू जळू शकते. हे तिन्ही घटक मिळण्याची स्थळे मात्र निराळी होती. सोरा जुन्या वस्तीच्या, गुराढोरांच्या वावराच्या मातीतून निघतो. उत्तम सोऱ्यासाठी बिहारचा प्रदेश प्रसिद्ध होता आणि तेथील नुनिया जमातीचा तो वंशपरंपरागत धंदा होता. गंधक बव्हंशी समुद्रमार्गे बाहेरून येई. कोळसा गावोगावचा, पण तोही वाटेल त्या लाकडाचा चालत नसे. जड, कठीण लाकडापेक्षा हलक्या, सच्छिद्र काडीचा कोळसा दारूला अधिक मानवतो. म्हणून आपल्याकडे रुईच्या आणि तुरीच्या काड्यांचा कोळसा त्यासाठी वापरीत. ज्या तुराट्या शेतकरी चुलीत घालतो किंवा कुडाला लावतो, त्यांनाच दारूखान्यात मान होता.

तिन्ही द्रव्ये उत्तम मिळाली, म्हणजे दारू उत्तम झाली, असे नव्हे. येथे दारूच्या पारखेचा खरा प्रश्न सुरू होतो. केवळ पूड करून मिसळलेल्या दारूत एक मोठा दोष असे. गाडीवर किंवा बैलाच्या पाठीवर ती हिंदकळली, की जड कण तळाशी बसत आणि हलका कोळसा वर येई. मुक्कामाला पोहोचेपर्यंत मिश्रण बिघडलेले असे. शिवाय बारीक पूड नळीत ठासली, की तिच्या आत ज्योत शिरायला जागा उरत नसे. युरोपात पंधराव्या शतकात यावर उपाय निघाला. तो म्हणजे दाणेदार दारू. मिश्रणाचे दाणे केले, म्हणजे प्रत्येक दाण्यात तिन्ही घटक बांधलेले राहतात आणि दाण्यांमधील फटींतून ज्योत एकदम सर्वत्र पसरते. दाणेदार दारू दमटपणाही कमी शोषते.

दाणे आले, आणि त्यांच्याबरोबर निवडही आली. दाणा जितका बारीक, तितकी दारू झपाट्याने जळते. दाणा जितका मोठा, तितकी सावकाश. मोठ्या तोफेत जड गोळा जागचा हलायलाच वेळ लागतो. तिच्यात बारीक दारू घातली, तर गोळा हलण्यापूर्वीच सारा दाब निर्माण होतो आणि तोफ फुटण्याचा धोका संभवतो. म्हणून तोफेला जाड दाणा. उलट पिस्तुलाची नळी वीतभर, गोळी हलकी. तिच्यात जाड दाण्याची दारू घातली, तर ती पुरती जळण्यापूर्वीच गोळी नळीबाहेर पडते आणि अर्धी दारू तोंडाशी नुसतीच भडकते. म्हणून पिस्तुलाला बारीक दाणा, बंदुकीला मधला. आणि कानाशी पेट देण्यासाठी सर्वांत बारीक दारू लागते, तिला आपल्याकडे ‘रंजक’ म्हणत. आजही पाश्चात्त्य देशांत काळ्या दारूच्या डब्यांवर ‘एफ’ हे अक्षर एकदा, दोनदा, तीनदा किंवा चारदा छापलेले असते. जितकी अक्षरे अधिक, तितका दाणा बारीक. तीन अक्षरांची दारू पिस्तुलाची आणि चार अक्षरांची रंजकेची, हा संकेत या जुन्या व्यवहाराचाच वारसा होय.

आपल्या भाषेने या साऱ्या व्यवहाराच्या खुणा जपून ठेवल्या आहेत. रंजक, जामगी, तोडा, गज, ठासणे, बार, तोसदान हे शब्द मोल्सवर्थच्या कोशाच्या काळात जिवंत होते. तोफ निकामी करण्यासाठी तिच्या कानात खिळा ठोकीत. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन शब्द तर पोर्तुगीज भाषेतून आले. शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने वस्तूही आल्या, हे ध्यानात घेतले, म्हणजे गोव्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो.

जुन्या गोव्याजवळ पणेली येथे पोर्तुगीजांचा दारूचा कारखाना होता. ‘काझा दा पोल्व्हरा’, म्हणजे दारूचे घर. त्याच्या शेजारचा वाडा पुढे इतका महत्त्वाचा ठरला, की इ. स. १६९५ मध्ये व्हाइसरॉयांनी आपले निवासस्थान तेथे हलविले आणि १७५९ मध्ये पणजीला जाईपर्यंत ते तेथेच होते. सोरा मात्र पोर्तुगीजांना कानडा प्रांतातून व दख्खनेतून विकत घ्यावा लागे. म्हणजे कच्चा माल आपल्या मुलखाचा आणि तयार दारू त्यांची. हे सूत्र पुढेही वारंवार दिसते.

युरोपियांकडच्या दारूगोळ्याचे मोल शिवाजीमहाराजांना फार लवकर कळले होते. इ. स. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला असता राजापूरच्या वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी त्याच्या मदतीस गेले आणि त्यांनी इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेल्या मंडळींचे हे वर्तन महाराज विसरले नाहीत. १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली आणि तेथील इंग्रज कैदेत पडले. दारूगोळा विकणारा कोणाला विकतो, केव्हा विकतो आणि केव्हा नाकारतो, यावर राज्याचे भवितव्य अवलंबून असते, हा त्या प्रसंगाचा धडा होता.

हा धडा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त उतरलेला दिसतो. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात टोपीकरांचे बळ आरमार आणि दारूगोळ्यात आहे, हे नेमके ओळखले आहे. दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी जी दक्षता सांगितली आहे, ती कोणत्याही काळच्या जाणत्याने मान डोलवावी अशी आहे. दारूखाना राहत्या घरांच्या परिघापासून दूर असावा. तळघर करून त्यात गच्च करावा, त्यावर माच घालून दारू ठेवावी. ती सर्द होऊ देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढावे, त्यांस ऊन द्यावे, आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणास जवळ येऊ देऊ नये. सह्याद्रीच्या पावसाळ्यात चार-चार महिने गड ढगांत बुडालेला असतो. अशा ठिकाणी सोऱ्याला दमट हवेपासून राखणे किती कठीण असेल, याची कल्पना आपण करू शकतो. अमात्यांनी त्याचा विचार घरच्या धान्याइतक्या बारकाईने केला आहे.

दारूचे सामर्थ्य केवळ ती कोणाच्या हाती आहे यावर ठरत नाही, हे सांगणारे प्रसंगही आपल्या इतिहासात आहेत. इ. स. १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने साताऱ्याच्या किल्ल्याला सुरुंग लावले. त्यांपैकी एकाने उडविलेला तट आत न पडता बाहेर कोसळला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले मोगलांचेच असंख्य लोक त्याखाली गाडले गेले. सुरुंग भरणाराने दारू भरपूर घातली होती. ती कोणत्या दिशेने जोर करील, याचा अंदाज मात्र चुकला होता.

मराठे अठराव्या शतकात उत्तर-दक्षिण स्वाऱ्या करीत असताना युरोपात दारूचे शास्त्र बनत होते. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने इ. स. १७४२ मध्ये तोफविद्येवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. झुलत्या लाकडी ओंडक्यावर गोळी झाडून, ओंडका किती मागे सरकतो यावरून गोळीचा वेग काढण्याची रीत त्याने बसविली. दारूची पारख तोवर डोळ्यांनी आणि अनुभवाने होत होती. ती आता आकड्यांनी होऊ लागली. विशेष म्हणजे हा रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेस सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात मरण पावला. पुढे प्लासीनंतर, १७५८ मध्ये, बिहारच्या सोऱ्याचा मक्ता क्लाइव्हने मीर जाफरकडून कंपनीसाठी मिळविला. १७८७ मध्ये ब्रिटिश सरकारने वॉल्थम ॲबी येथील दारूचे कारखाने विकत घेऊन एकसारख्या प्रतीची दारू तयार करण्याचा उद्योग आरंभिला. बंगालमध्ये इच्छापूर येथे कंपनीचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. प्रदेश जिंकण्याइतकेच सोऱ्याची माती जिंकण्याला महत्त्व होते, हे इंग्रजांनी ओळखले. आपल्या इतिहासग्रंथांत प्लासीला पाने मिळतात; सोऱ्याच्या मक्त्याला ओळही क्वचित मिळते.

याच सुमाराचा धारवाडचा वेढा आपल्या भागातील वाचकांना जवळचा वाटेल. टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या एका तुकडीसह सप्टेंबर १७९० मध्ये धारवाडला वेढा दिला. तो सहा महिन्यांहून अधिक काळ चालला. त्या तुकडीतील एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात मराठी तोफखान्याचे वर्णन आहे. तोफ भरायची, मग सर्वांनी बसून अर्धा तास गप्पा मारीत धूम्रपान करायचे, नंतर ती डागायची, धूळ चांगली उडाली की समाधान मानायचे आणि पुन्हा बसायचे. दुपारी दोन तास तर दोन्ही बाजूंनी जणू संमतीनेच मारा थांबे. हे वर्णन परक्याचे आहे, त्यात थट्टेचा सूर आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तोफखान्याजवळ धूम्रपान चालत असेल, तर अमात्यांची शिस्त पाऊणशे वर्षांत कोठे गेली, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे. आणखीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. जेव्हा दारूचा प्रत्येक बार सारख्याच जोराचा असेल, तेव्हाच गोळे एका ठिकाणी लागोपाठ बसून तटाला खिंडार पडते. दारू आज एका जोराची, उद्या दुसऱ्या जोराची असेल, तर उत्तम नेमबाजही व्यर्थ ठरतो.

याचा अर्थ मराठ्यांना हे ज्ञान नव्हते, असा मुळीच नाही. ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगावयास नकोच, की महादजी शिंद्यांनी द बॉयन्यच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार करविल्या. त्यांची प्रत कंपनीच्या शस्त्रांच्या तोडीची होती. इ. स. १७९३ मध्ये लाखेरीच्या खिंडीत शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या, तेव्हा द बॉयन्यच्या दारूगोळ्याच्या एका गाडीवर गोळा पडला आणि तिच्यासह बारा गाड्या उडाल्या. तरीही शिंद्यांच्या पलटणी डगमगल्या नाहीत आणि होळकरांच्या कवायती पलटणींचा जवळजवळ संहार झाला. परतताना तुकोजी होळकरांनी शिंद्यांची उज्जैन लुटली. दोन मराठी संस्थानिकांनी मोठ्या कष्टाने जमविलेली दारू अशी एकमेकांवर खर्च झाली. इंदूर आणि ग्वाल्हेर या दोन्ही नगरांतील मराठी मंडळींनी हा प्रसंग अभिनिवेश बाजूला ठेवून वाचावा.

दहा वर्षांनी हिशेब पूर्ण झाला. १८०३ मध्ये असई व लासवारी येथे शिंद्यांच्या तोफखान्याने जो मारा केला, त्याची धास्ती इंग्रज सेनानींनी स्वतः नमूद केली आहे. तोफा वाईट नव्हत्या, दारू वाईट नव्हती, गोलंदाज तर तोफेपाशीच मेले. पण ४ सप्टेंबरला अलीगड पडले, ऑक्टोबरात आग्रा पडले, आणि परकीय अधिकारी नोकरी सोडून गेले. कोठारे गेली, कारखाने गेले, ते चालविणारे हातही गेले. मराठे तोफांत कमी पडले, हे ठोकळेबाज विधान म्हणूनच अपुरे वाटते. माझ्या मते उणीव होती ती ज्ञान आपल्या माणसांच्या हाती सोपवून पिढ्यान्‌पिढ्या टिकविण्यात. सँग्स्टर होता, त्याचे शिष्य घडवून कारखाने पुढे चालविणारी पाठशाळा मात्र उभी राहिली नाही.

दारूची दुसरी, सौम्य परंपराही विसरता कामा नये. एकनाथमहाराजांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त लग्नसोहळ्यातील दारूकाम आले आहे, याकडे भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी आपल्या संशोधनात लक्ष वेधले. महादजींनी कोट्याच्या दिवाळीतील दारूच्या लंकेचे वर्णन सवाई माधवरावांना सांगितले आणि तसाच देखावा पुण्यात करविण्यात आला, अशी हकीगत पेशव्यांच्या बखरीत आहे. राज्य गेल्यावर आपल्याकडे दारूचे ज्ञान उरले ते बहुधा आतषबाजीतच. लंका जळाली, आणि जळण्याचा आनंद तेवढा राहिला.

काळ्या दारूचे राज्यही कायम टिकले नाही. इ. स. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली. १८८९ मध्ये इंग्रजांनी कॉर्डाइट आणले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत अरुवनकाडू येथे त्याचा कारखाना निघाला. ही नवी दारू जुनीपेक्षा कितीतरी अधिक शक्तिमान. तेव्हा जुन्या सवयीने, जुन्या मापाने ती भरणाऱ्या अनेकांच्या बंदुका फुटल्या. अमेरिकेसारख्या देशांत, जेथे कायद्याने मुभा आहे, तेथे झाडलेली पिस्तुलाची काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद आज रूढ आहे. तेथील जाणते नवशिक्याला सर्वांत जोरदार दारू घे, असे सांगत नाहीत. पुटकुळी लहान असली तरी जी दारू तिच्यात जागा बरीच व्यापते, ती आधी घे, म्हणजे चुकून दुप्पट पडली तर ती बाहेर सांडेल आणि डोळ्यांना दिसेल. उत्पादकाने छापलेले कोष्टक सोडू नको, त्यातील खालच्या मापापासून आरंभ कर. मोज ती वजनाने, अंदाजाने नव्हे. दिसायला सारख्या असल्या तरी दोन दारू कधी एकत्र करू नको. असे ते सांगतात. आपल्याकडे शस्त्र व दारूगोळा या दोहोंना कायद्याने परवान्याचे बंधन आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु या उपदेशातील तत्त्व पाहावे. ते अमात्यांच्या उपदेशाहून निराळे नाही. सामर्थ्यापेक्षा स्वभाव पाहावा, आणि चूक झालीच तर ती वेळीच दिसेल अशी व्यवस्था आधी करावी.

मराठी दारूखान्यांचे जमाखर्च, सोरा-गंधकाच्या खरेदीच्या याद्या, गोलंदाजांच्या पगाराच्या नोंदी आजही मोडी दप्तरांच्या रुमालांत बांधलेल्या आहेत. त्यांत लढायांची धामधूम नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. मोडी वाचणारे डोळे दिवसेंदिवस कमी होत आहेत. ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे कागद वाळवीपासून आणि दमट हवेपासून राखले, त्याच्या सभासदांना राखण म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. सर्द होऊ न देणे, वरचेवर बाहेर काढून ऊन दाखविणे, आणि पहाऱ्यावरच्या माणसाने जागे राहणे, हे अमात्यांचे तीन नियम ग्रंथालाही तितकेच लागू पडतात. आपल्या सभासदांतील एखाद्या तरुणाने मोडी शिकून यांतील एक रुमाल सोडला, तरी या शताब्दीचे सार्थक होईल.